‘डिस्कार्ड’ या इंग्रजी क्रियापदासाठी मराठीत नेमका कोणता शब्द वापरावा?

अक्षरओळख (प्रश्न)

नमस्कार. बोटातून थेंबभर रक्त घेऊन करायच्या झटपट चाचण्यांची एक माहितीपुस्तिका मी सध्या इंग्रजीतून मराठीत आणत आहे. ती गावपातळीवर काम करणाऱ्या आरोग्यसेविकांच्या हातात जाणार असल्यामुळे वाक्य वाचताक्षणी कृती कळली पाहिजे, अशी माझी धडपड आहे. या पुस्तिकेत ‘डिस्कार्ड’ हे क्रियापद चार ठिकाणी आले आहे. बोटाला टोचल्यावर येणारा रक्ताचा पहिला थेंब डिस्कार्ड करावा आणि दुसरा पट्टीवर घ्यावा, असे पहिले वाक्य आहे. यंत्र बरोबर चालते की नाही हे पाहण्यासाठी दिलेल्या द्रावणाची बाटली उघडल्यापासून ९० दिवसांनी डिस्कार्ड करावी, असे दुसरे. तिसऱ्या वाक्यात वापरलेली टोचणी धारदार वस्तूंच्या डब्यात डिस्कार्ड करण्यास सांगितले आहे. चौथ्यात पट्टीवर नियंत्रणरेषा (चाचणी नीट झाल्याची खूण) उमटली नाही तर तो निकाल डिस्कार्ड करावा, असे म्हटले आहे.

एका इंग्रजी शब्दाला संपूर्ण पुस्तिकेत एकच मराठी शब्द ठेवावा, अशी मला सूचना आहे. त्यामुळे पहिल्या मसुद्यात मी चारही ठिकाणी ‘फेकून द्या’ असे लिहिले. तो मसुदा आमच्या ओळखीच्या एका अनुभवी आरोग्यसेविकेला वाचायला दिला, तेव्हा त्यांनी मला दोन प्रश्न विचारले. ‘ताई, रक्ताचा थेंब फेकायचा कसा? आणि निकाल फेकायचा म्हणजे पट्टी फेकायची, की वहीतली नोंद खोडायची?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. चूक माझी आहे हे उघडच आहे, परंतु ती केवळ शब्दनिवडीची आहे की मूळ इंग्रजी शब्दच मला नीट कळलेला नाही, याबद्दल मी साशंक आहे. या शब्दाचा गाभ्याचा अर्थ कोणता, ‘थ्रो अवे’, ‘डिस्पोज’ आणि ‘रिजेक्ट’ यांच्यापासून तो कोठे वेगळा होतो, आणि एकाच मराठी शब्दाचा आग्रह धरणे येथे योग्य ठरेल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनीपाने

आपल्याला पडलेला प्रश्न शब्दाच्या जन्माशीच जोडलेला आहे, म्हणून तेथून सुरुवात करतो. हा शब्द केरकचऱ्यातून आलेला नाही. तो पत्त्यांच्या खेळातून आला आहे. ‘डिस’ म्हणजे दूर करणे आणि ‘कार्ड’ म्हणजे पत्ता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत दिसू लागतो, आणि तेव्हा त्याचा अर्थ हातातील नको असलेले पान खाली टाकणे एवढाच होता. फ्रेंचांच्या ‘एकार्ते’ या पत्त्यांच्या खेळाचे नावदेखील असेच, ‘टाकलेले’ या अर्थाचे आहे. ‘कार्ड’ स्वतः लॅटिनमधील ‘कार्टा’ आणि त्यामागील ग्रीक शब्दाकडून आले असून त्या शब्दाचा अर्थ पपायरसचे पान असा होतो. आपणही पत्त्याला ‘पान’च म्हणतो, हा योगायोग मला फार आवडतो.

रमी खेळणाऱ्याला या क्रियापदाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. हातात १३ पाने असतात, गड्डीतले एक उचलले की १४ होतात, आणि मग त्यातले एक टाकावेच लागते. टाकलेले पान कधी कधी राजा किंवा एक्काही असतो. ते फाटलेले नसते, वाईट नसते, फक्त या हातात, या डावात त्याची जागा नसते. शिवाय ते नाहीसेही होत नाही. ते उघडे पडून राहते आणि पुढचा गडी ते आनंदाने उचलू शकतो. म्हणजे या क्रियापदात तीन गोष्टी गृहीत आहेत: वस्तू आधी आपल्या हातात होती, आपण तिच्याकडे पाहिले, आणि ठेवायचे व सोडायचे यांत निवड करून ती सोडली. वस्तूचे पुढे काय झाले, याबद्दल हे क्रियापद काही सांगत नाही. पुढे त्या वस्तूला केराची टोपली मिळो किंवा दुसऱ्याचा हात, ‘डिस्कार्ड’चे काम ती हातातून सुटताच पूर्ण होते.

‘रिजेक्ट’शी असलेला फरकही येथेच स्पष्ट होतो. जी गोष्ट आपण स्वीकारलीच नाही ती आपण नाकारतो, आणि जी स्वीकारून जवळ बाळगली होती ती डिस्कार्ड करतो. दाराशी आलेले स्थळ नाकारले जाते. लग्न करून आणलेल्या बायकोला मात्र ‘टाकली’ असे म्हणतात. हा मराठी शब्दप्रयोग कानाला कठोर वाटतो आणि तो कठोरच आहे. ‘टाकलेली’ या शब्दातील अपमान टाळण्यासाठी पुढे ‘परित्यक्ता’ हा शब्द रूढ झाला, परंतु क्रिया तीच राहिली. इंग्रजीतही माणसांच्या बाबतीत ‘डिस्कार्ड’ वापरले की नेमकी हीच वेदना व्यक्त होते. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकाच्या चौथ्या अंकात ऑथेल्लो हे क्रियापद स्वतःविषयी वापरतो. जेथे आपण आपले हृदय साठवून ठेवले तेथूनच आपल्याला टाकून दिले जावे, हे त्याला असह्य होते. पत्त्यांच्या डावातला शब्द काही दशकांतच येथवर पोहोचला होता.

‘थ्रो अवे’ हे बोलण्यातले, घरगुती रूप आहे आणि त्यात वस्तू निरुपयोगी झाल्याचा भाव अधिक आहे. ‘डिस्कार्ड’ त्या मानाने लेखी आणि औपचारिक आहे. इंग्रजी कथांमधून भाषांतर करणाऱ्यांनी आणखी एक खाचखळगा लक्षात ठेवावा. ऊन वाढल्यावर मुलाने कोट डिस्कार्ड केला, असे वाक्य आले तर मुलाने कोट अंगातून उतरवून बाजूला ठेवला एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. तेथे ‘फेकून दिला’ असे लिहिणारा अनुवादक त्या मुलाला उगाचच उधळ्या ठरवतो. एखादा सिद्धान्त डिस्कार्ड केला जातो तेव्हा आपण ‘सोडून दिला’ किंवा ‘मोडीत काढला’ असे म्हणतो, आणि हिशेबातून काही आकडे डिस्कार्ड होतात तेव्हा ते ‘वगळले’ जातात.

व्याकरणाच्या दोन बाबी ओघात सांगतो. हे क्रियापद कर्म थेट घेते, त्यामुळे आपल्याकडील इंग्रजी सूचनाफलकांवर त्याच्यापुढे ‘ऑफ’ जोडलेले दिसते ते चूक आहे. ‘डिस्पोज’ला मात्र या अर्थी ‘ऑफ’ हे शब्दयोगी अव्यय लागतेच, आणि बहुधा त्याच्याच संगतीने ही चूक शिरली असावी. दुसरी बाब उच्चाराची: क्रियापद असेल तेव्हा आघात दुसऱ्या अक्षरावर असतो, आणि ‘टाकलेली वस्तू’ या अर्थाचे नाम असेल तेव्हा पहिल्यावर.

एकाच मराठी शब्दाचा आग्रह मला येथे मान्य नाही. तो संज्ञांना लागू पडतो. ‘डिस्कार्ड’ ही संज्ञा नाही, ते रोजच्या वापरातले क्रियापद आहे, आणि मराठी क्रियापद कर्म पाहून बदलते. आपण दिवा मालवतो, नळ बंद करतो आणि चूल विझवतो. या तिन्हींसाठी एकच क्रियापद हवे, असे कोणी म्हणत नाही.

दाखलअंक

मी एका सार्वजनिक ग्रंथालयात बरीच वर्षे काम करीत आहे, आणि जुनीपाने यांच्या विवेचनाला आमच्या व्यवसायातले एक उदाहरण जोडू इच्छितो. अमेरिकेतील ग्रंथालयांतून बाहेर पडलेली जुनी पुस्तके कधी हातात आली, तर त्यांच्या पहिल्या पानावर ‘डिस्कार्ड’ असा शिक्का आढळतो. आपल्याकडच्या वाचकांना तो शिक्का पाहून वाईट वाटते, कारण पुस्तक ‘फेकले’ असा त्याचा अर्थ ते घेतात. प्रत्यक्षात त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच असतो की हे पुस्तक आता या ग्रंथालयाच्या मालकीचे नाही आणि ज्याच्या हाती ते आहे त्याने ते चोरलेले नाही.

मराठी कार्यालयीन भाषेत या कृतीला ‘निर्लेखन’ म्हणतात. पुस्तक ग्रंथालयात येते तेव्हा दाखल नोंदवहीत त्याचा दाखल अंक पडतो, आणि ते बाद होते तेव्हा त्याच नोंदीसमोर तसा शेरा मारला जातो. म्हणजे पुस्तक आधी कागदावरून बाहेर पडते आणि कपाटातून नंतर. ‘निर्लेखन’ या शब्दात लेखनातून बाहेर काढण्याची ही कल्पना नेमकी पकडली आहे, म्हणून तो शब्द जड वाटला तरी मला प्रिय आहे. बोलताना मात्र आम्ही ‘पुस्तक बाद केले’ असेच म्हणतो.

बाद करण्याचे काम किती जड जाते, हे बाहेरच्या माणसाला कळणे कठीण आहे. वाळवी लागलेले पुस्तक बाद करताना हात थांबत नाही. पण एखादे पुस्तक सुस्थितीत असते, चांगले असते, आणि २० वर्षांत एकदाही वाचकाने मागितलेले नसते. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी शेवटचे सूत्र ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असे सांगते. इमारत मात्र वाढत नाही. नव्या पुस्तकासाठी जागा हवी म्हणून जुने बाजूला काढावे लागते, आणि ते पुस्तक हातात घेऊन, चाळून, मगच तो निर्णय होतो. जुनीपाने म्हणतात ती निवड हीच. आपल्या पुस्तिकेत ‘बाद करणे’ हा शब्द चौथ्या वाक्यासाठी विचारात घ्यावा, असे मला वाटते: ‘तो निकाल बाद समजावा.’

शीतपेटी

मी आरोग्य विभागात लसीकरणाच्या कामात आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. आपल्या चार वाक्यांपैकी तिसऱ्या वाक्यात इंग्रजी लेखकाने ‘डिस्कार्ड’ सैलपणे वापरले आहे, असे माझे मत आहे. टोचणी कोठे टाकायची हे सांगितले की प्रश्न विल्हेवाटीचा होतो, आणि त्यासाठी इंग्रजीत ‘डिस्पोज’ हा शब्द आहे. आमच्या कामात या दोन कृतींमध्ये स्पष्ट अंतर आहे आणि ते पुसले गेले तर माणसाला इजा होते.

उदाहरण देतो. २०२१ साली कोविशिल्डच्या एका कुपीत १० मात्रा येत असत, आणि कुपी उघडल्यापासून चार तासांच्या आत त्या सर्व वापराव्या लागत. कुपी उघडली की तिच्यावर वेळ लिहायची. आठ माणसे आली आणि चार तास संपले, तर उरलेल्या दोन मात्रा डिस्कार्ड करायच्या. त्या क्षणी कुपी कचऱ्यात जातही नव्हती. ‘ही आता कोणालाही द्यायची नाही’ असा निर्णय होऊन ती वेगळी ठेवली जाई आणि वाया गेलेल्या मात्रांची नोंद होई. निर्जंतुकीकरण आणि विल्हेवाट ही पुढची पायरी होती. बाहेर रांग असताना चांगल्या लसीच्या दोन मात्रा बाजूला ठेवणे किती जिवावर येत असे, हे त्या दिवसांत काम केलेला कोणीही सांगेल. म्हणून केंद्रावरच्या सेविका नववा आणि दहावा माणूस मिळावा यासाठी घरोघरी निरोप पाठवीत.

विल्हेवाटीचे नियम वेगळे आहेत. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ साली आले, आणि त्यांनुसार सुया, पाती यांसारख्या धारदार वस्तू पांढऱ्या, अर्धपारदर्शक, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात जातात. दूषित प्लॅस्टिक लाल पिशवीत, काच निळ्या खुणेच्या पेटीत आणि रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो. आता ‘फेकून द्या’ हे शब्द वाचून नव्या सेविकेने टोचणी अंगणातल्या उकिरड्यावर टाकली, तर तिला दोष कसा देणार? मराठीत ‘फेकणे’ म्हणजे हातापासून लांब जाईल असे भिरकावणे. धारदार वस्तूच्या बाबतीत हा शब्द छापणे मला धोक्याचे वाटते. तेथे ‘लगेच पांढऱ्या डब्यात टाका’ एवढे पुरेसे आहे.

जाता जाता ‘विल्हेवाट’ या शब्दाविषयी. आज तो नष्ट करण्याच्या अर्थाने ऐकू येतो, पण ‘विल्हेस लावणे’ म्हणजे जागच्या जागी, नीट लावणे. ‘डिस्पोज’चा मूळ अर्थही वेगवेगळे करून मांडणे असाच आहे. कचरा रंगांनुसार वेगळा करून ज्याच्या त्याच्या डब्यात घालणे ही कृती या दोन्ही शब्दांच्या जुन्या अर्थाला अगदी धरून आहे. न्यायालयातील प्रकरणासाठी इंग्रजी ‘डिस्पोज’च वापरते आणि आपण तेथे ‘निकाली काढणे’ म्हणतो, तेव्हाही नष्ट केल्याचा भाव नसतो.

बंदरवाट

जुनीपाने यांनी टाकलेले पान वाईट नसते असे म्हटले आहे. मासेमारीच्या क्षेत्रात हाच मुद्दा फार मोठ्या प्रमाणावर दिसतो, म्हणून लिहितो. जाळ्यात आलेली जी मासळी बोटीवरून परत समुद्रात टाकली जाते तिला इंग्रजीत ‘डिस्कार्ड्स’ असे अनेकवचनी नाम आहे. जगभरात दरवर्षी सुमारे ९१ लाख टन मासळी अशी टाकली जाते, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१९ साली प्रसिद्ध केलेला अंदाज आहे. ही मासळी खाण्यायोग्य नसते असे नाही. कधी ती ठरवून दिलेल्या मापापेक्षा लहान असते, कधी त्या जातीचा ठरवून दिलेला वाटा संपलेला असतो, आणि कधी बाजारात तिला भाव नसतो. परत टाकलेल्यांपैकी पुष्कळ मासे तोवर मेलेले असतात. युरोपीय संघाने २०१३ साली आपले मत्स्यधोरण बदलले आणि २०१५ पासून टप्प्याटप्प्याने बंदर-उतराईचे बंधन घातले. १ जानेवारी २०१९ पासून ते पूर्णपणे लागू झाले. वाटा ठरवून दिलेल्या जातींची मासळी समुद्रात न टाकता बंदरावर आणून मोजावी, असे ते बंधन आहे.

येथे ‘टाकाऊ मासळी’ असे भाषांतर मी वाचले आहे आणि ते मला खटकते. ‘टाकाऊ’ हा मासळीचा गुण सांगणारा शब्द झाला, आणि ‘टाकलेली’ हा माणसाचा निर्णय सांगणारा. इंग्रजी नामात निर्णय आहे. शाळेत ‘टाकाऊपासून टिकाऊ’ शिकलेल्या आपल्या पिढ्यांच्या हातून हा घोटाळा सहज होतो. म्हणून मी ‘परत टाकलेली मासळी’ असे लिहितो. शब्द लांबला तरी चालेल.

‘फेकणे’ या शब्दाबद्दल मात्र थोडी सबुरी हवी. विदर्भात ‘फेकून दे’ हे साध्या ‘टाकून दे’च्या अर्थाने सर्रास बोलले जाते, आणि त्यात भिरकावण्याचा भाव असेलच असे नाही. आमच्या बाजूला, गोव्याच्या कोंकणीत, त्यासाठी ‘उडोवप’ आहे, आणि ते ऐकून घाटावरच्या पाहुण्याला काय उडवायचे, असा प्रश्न पडतो. पुस्तिका सगळ्या महाराष्ट्रात जाणार असेल तर ‘टाकणे’ हेच सर्वांना समान कळेल.

खिडकीपट

संगणकीय मराठीकरणाच्या कामातली एक अडचण थोडक्यात नोंदवतो. अर्धवट लिहिलेले पत्र बंद करताना पडद्यावर कधी कधी ‘कॅन्सल’ आणि ‘डिस्कार्ड’ ही दोन बटणे शेजारी येतात. पहिल्याचा अर्थ बंद करणे थांबवा आणि पत्राकडे परत चला, आणि दुसऱ्याचा अर्थ न साठवलेले लिखाण सोडून द्या. दोन्हींना ‘रद्द करा’ असे म्हटले तर वापरणाऱ्याचे तासाभराचे लिखाण जाते. माझ्यासमोर एका वयोवृद्ध लेखकांच्या बाबतीत असे घडले आहे. तेव्हापासून मी ‘मागे जा’ आणि ‘लिखाण न ठेवता बंद करा’ असे लिहितो. ‘रद्द’ आणि ‘रद्दी’ हे एकाच अरबी मुळाचे शब्द आहेत, हे लक्षात घेतले तर ‘डिस्कार्ड’साठी ‘रद्द’ सुचणे स्वाभाविक आहे. परंतु आजच्या मराठीत बैठक, गाडी किंवा आदेश रद्द होतो. हातातली वस्तू आपण रद्द करीत नाही.

अक्षरओळख

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मी मनापासून आभारी आहे. एक शब्द, एक प्रतिशब्द ही सूचना या क्रियापदापुरती बाजूला ठेवण्यास परवानगी मिळाली आहे, आणि त्यासाठी मला दिव्याचे, नळाचे व चुलीचे उदाहरण उपयोगी पडले. पहिले वाक्य आता ‘पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाका’ असे झाले आहे. द्रावणाच्या बाटलीसाठी ‘उघडल्यापासून ९० दिवसांनंतर वापरू नका, उरलेले द्रावण टाकून द्या’ असे लिहिले आहे, आणि बाटलीवर उघडल्याची तारीख घालावी ही ओळ शीतपेटी यांच्या कुपीवरून सुचली. टोचणीसाठी पांढऱ्या डब्याचे वाक्य जसेच्या तसे घेतले.

चौथ्या वाक्यासाठी मी ‘तो निकाल बाद समजावा’ असे लिहून त्याच आरोग्यसेविकेला दूरध्वनीवरून वाचून दाखवले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘बाद समजला, पण मग त्या बाईला काय सांगू? ती समोर बसलेली असते.’ त्यांच्याच सांगण्यावरून ते वाक्य आता असे आहे: ‘नियंत्रणरेषा उमटली नाही तर चाचणी झालीच नाही असे धरा, वहीत निकाल लिहू नका आणि नव्या पट्टीवर पुन्हा चाचणी करा.’